‘धडाधडा म्हणतो, पण वाचत नाही’

“मॅडम, पुस्तक उघडलं की धडाधडा म्हणते पोरगं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. अन् मधातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, की गप. हा आम्हाला फसवून राहिला, की याच्या डोक्यातच काही कमी आहे?”

जुलैचा शेवटचा आठवडा होता. बाहेर दोन दिवसांपासून झड लागलेली. ताईंनी छत्री दाराशी टेकवली आणि बसायच्या आधीच हे बोलून टाकलं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो ओले बूट घालून दारातच उभा होता आणि सगळं ऐकत होता. त्याला इथे आपण गोलू म्हणू. नागपुरात दर तिसऱ्या घरात एक गोलू असतोच, त्यामुळे कुणी ओळखण्याची भीती नाही. वय सहा पूर्ण, इयत्ता पहिली, शाळा सेमी-इंग्रजी. वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर, आई, म्हणजे याच ताई, घरून डबे करते, आणि घरात आजोबा.

ताईंनी मोबाइलमध्ये एक शब्द लिहून आणला होता: डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचायला शिकणं फार जड जाणं. शाळेत कुणीतरी म्हटलं होतं, “एकदा दाखवून घ्या, हे असू शकतं.” विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. म्हणजे पहिलीत बसून पोराला धड महिना झाला नव्हता आणि हा शब्द घरी येऊन पोचला होता. मला राग आला, तो मी दाखवला नाही.

वाचनात अडलेली मुलं माझ्याकडे येतात. पहिलीच्या पालकांकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता मी आधी एकच विचारते, “त्याचं आवडतं पुस्तक आणलंय?” आणलं होतं. कोपरे दुमडलेलं, सोळा पानांचं चित्रपुस्तक. एक आजी बाजारात जाते, दर पानावर टोपलीत एक भाजी येते, आणि ओळ तीच: आजीच्या टोपलीत वांगी आली, आजीच्या टोपलीत मुळा आला. गोलूनं मांडी घातली आणि सुरू झाला. खरंच धडाधडा. पान बरोबर वेळेवर उलटत होता, बोट डावीकडून उजवीकडे सरकवत होता, आवाजात चढउतार होते.

मग हिरव्या जुडीचं पान आलं. छापलं होतं, ‘आजीच्या टोपलीत कोथिंबीर आली.’ गोलू म्हणाला, “आजीच्या टोपलीत सांबार आला.”

“पाहा,” ताई म्हणाल्या, “चुकला.”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इथली सांबारवडी ऐकून पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना इडली आठवते, तो भाग वेगळा. मला मात्र त्या एका ओळीत हवं ते सगळं मिळालं होतं. पोरगं चित्र वाचत होतं. नुसतं पाठ म्हणणारा ‘कोथिंबीर आली’ असंच म्हणाला असता. यानं चित्रातली वस्तू ओळखली, तिला घरचं नाव दिलं, आणि नाव पुल्लिंगी निघालं म्हणून ‘आली’चं ‘आला’ केलं. वाक्याची समज शाबूत, गोष्टीची समज शाबूत. नजर फक्त अक्षरांवर जात नव्हती.

यात फसवणूक कुठेच नाही. वाचायला शिकणारी बहुतेक मुलं या पायरीवर काही महिने थांबतात. पुस्तकात अर्थ असतो आणि तो दर वेळी तोच असतो, हे त्यांना कळलेलं असतं. तो अर्थ चित्रात नाही, खालच्या काळ्या खुणांमध्ये पक्का केलेला आहे, हे कळायचं बाकी असतं.

इथे मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. अक्षरं किती येतात ते पाहावं म्हणून मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि चित्र झाकलं. गोलूनं माझ्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं, आणि पाणी मागितलं. त्या दिवशी पुढे काहीच झालं नाही. त्याहून वाईट म्हणजे ताईंनी ते पाहिलं. पुढच्या भेटीत पुस्तक आलं ते सगळ्या चित्रांवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून. “तुम्ही झाकलं ना जी, म्हणून म्या पण झाकलं.” गोलू पुस्तकाला हात लावायला तयार नव्हता. आम्ही तिघांनी बसून ओल्या कापसानं ते कागद सोडवले. मुळ्याचं पान फाटलं ते फाटलंच. माझ्या त्या पोस्टकार्डानं आमचे दोन आठवडे घेतले.

चित्र हा मुलाचा आधार असतो, तो काढून घेऊन पोहायला शिकवता येत नाही.

कागद सोडवता सोडवता मी कानाचे खेळ घेतले. डोळे आणि कान तपासून घ्यायला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो अहवाल स्वच्छ आला होता. हे सगळ्यात आधी करावं, महागड्या चाचण्यांच्या कितीतरी आधी. मग शब्द तोडून टाळ्या वाजवणं: म-हा-राज-बाग, चार टाळ्या. ‘म’नं सुरू होणारे शब्द सांग म्हटलं, तर मामा, मारबत, मॅगी. ‘पाणी’शी जुळणारा शब्द? “राणी. नाणी. वाणी.” थांबेचना. ज्या मुलांना पुढे वाचनात खरी अडचण येते, त्यातल्या बऱ्याच जणांना हाच भाग जड जातो, शब्दांतले आवाज सुटे ऐकू येणं. बोलायला उशिरा लागलेलं मूल, घरात कुणाला लहानपणी वाचनाचा त्रास झालेला, नीट शिकवूनही महिनोन्महिने अक्षरं न टिकणं, अशा खुणा दिसल्या तर मी थांबत नाही, पुढे पाठवते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातलाच, अशा मुलांना सवलती मिळतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण साधारण सात-आठ वर्षं वयाच्या आणि पुरेसं शिकवून झाल्याच्या आधी तो शिक्का कुणी जबाबदार माणूस मारत नाही. केंद्राच्या निपुण भारत अभियानानंसुद्धा समजून वाचता येण्यासाठी मुलांना तिसरीच्या अखेरपर्यंतची मुदत दिली आहे. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मोबाइलमधला तो शब्द माझ्यासमोर खोडला. मी म्हटलं, खोडू नका, बाजूला ठेवा. जानेवारीत पुन्हा पाहू.

अक्षरांची पाटी मात्र बऱ्यापैकी कोरी होती. ‘क ख ग घ’ गाण्यासारखं म्हणायचा, पण पत्ते पिसून ठेवले की नऊ अक्षरं ओळखली. त्यातही गंमत होती. ‘क’ दाखवला की म्हणायचा, “कमळ.” मी ‘कप’ लिहिलं. त्यानं बराच विचार करून वाचलं, “कमळपतंग.”

हसू आवरून सांगते, हे फार घरांत घडतं. भिंतीवरच्या तक्त्यावर ‘क’शेजारी कमळ आणि ‘प’शेजारी पतंग असतो, आणि मूल तिथेही चित्रच वाचतं. ‘क कमळाचा’ म्हणून थांबायचं नसतं. कमळातला पहिला आवाज ओठांवर आणून द्यायचा असतो, क्... आणि मग त्याला पुढचा आवाज चिकटवायचा असतो. ‘क’, ‘प’, हळूच जवळ आणत, ‘कप’. आवाज जोडण्याचं हे काम दाखवल्याशिवाय येत नाही.

तिसऱ्या भेटीला आजोबा आले. धोतर, टोपी, हातात पिशवी, आणि ठाम मत. “आमच्या टायमाला चित्रंबित्रं नव्हते. पाटीवर बाराखडी घोटली, चुकलं तर छडी. अन् आजही पेपर वाचतो मी, चष्म्याशिवाय.”

मी आजोबांशी वाद घातला, पण अर्धाच. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. देवनागरी लिपी बरीच सरळ आहे, दिसतं बहुतांशी तसंच म्हणायचं, त्यामुळे बाराखडी हे उत्तम हत्यार आहे. पण क पासून ज्ञ पर्यंत 36, गुणिले 12, म्हणजे 432 आकार. इतके घोकून झाल्यावरच पहिला शब्द मिळणार असेल, तर तोवर पोराची भूक मेलेली असते. अक्षरगट पद्धतीनं शिकवणारे शिक्षक म्हणूनच चार-पाच अक्षरं आणि एखादा काना-मात्रा घेऊन त्याच दिवशी शब्द वाचायला लावतात. आजोबांना हे पटलं असं नाही. त्यांना काम मात्र पटलं.

काम असं होतं. ही मंडळी माझ्याकडे मेट्रोनं यायची, लोकमान्य नगरहून शंकर नगरपर्यंत. वाटेत बन्सी नगर, वासुदेव नगर, सुभाष नगर. म्हणजे दोन्ही टोकं धरून पाच वेळा ‘नगर’. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, तीन साधी अक्षरं. मी आजोबांना म्हटलं, प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर हा शब्द त्याला शोधू द्या, तुम्ही सांगू नका. पुढच्या आठवड्यात गोलू जिन्यावरूनच ओरडत आला, “पाच नगर सापडले! अन् एक दुकानावर पण!”

मग त्यानं एक प्रश्न विचारला, तो मला आजवर कुठल्या शिक्षकानं विचारलेला नाही. ‘नगर’च्या टाळ्या वाजवल्या, न-गर, दोन झाल्या. पाटीकडे पाहून म्हणाला, “टाळ्या दोन, अक्षरं तीन काहून?” खरंय. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण बोलताना गिळतो, लिहिताना तो असतो. मी एवढंच म्हटलं, “शेवटचा ‘र’ ‘ग’च्या मांडीवर बसून येतो.” हे शास्त्रशुद्ध नाही. पण बदक, कमळ, बटन या सगळ्यांत त्यानं मांडीवर बसलेलं अक्षर स्वतः शोधलं, आणि ‘नगर’ला काना, ‘प’ आणि दुसरा उकार देऊन आम्ही त्याच दिवशी ‘नागपूर’ला पोचलो.

घरी काय करायचं, तर तेच भाजीचं पुस्तक. नवं नको. ताईंना हे कंजूषपणाचं वाटलं, पण एकच पुस्तक आठवडाभर वाचण्यात वेळ वाया जात नाही. गोष्ट माहीत झाली की मुलाचं लक्ष मोकळं होतं आणि अक्षरांकडे जाऊ शकतं. वेळ ठरवली रात्रीची पंधरा मिनिटं, डबे धुऊन झाल्यावर. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

ताई सुरुवातीला परीक्षा घ्यायच्या. हे काय आहे? ते काय आहे? रंग कोणता? गोलू एका शब्दात उत्तर द्यायचा आणि जांभई द्यायचा. मी म्हटलं, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही ते विचारा. आजीनं पिशवी सोडून टोपली काहून नेली असेल? भाजीवाला असा तोंड फिरवून काहून बसलाय? पहिल्या दिवशी नुसती चित्रं पाहून एवढ्याच गप्पा. दुसऱ्या दिवशी ताईंनी वाचायचं, शब्दाखाली बोट सरकवत, न घाईनं. तिसऱ्या दिवशी भाजीच्या नावापाशी थांबायचं आणि तो शब्द गोलूनं सांगायचा. चित्र पाहून सांगितला तरी चालेल. चालेलच, पण तिथे सोडायचं नाही.

ती ‘तिथे सोडायचं नाही’ची जागा त्यांच्या मनात पक्की बसावी म्हणून मी माझ्या खोलीतच करून दाखवली. पान तेच, हिरव्या जुडीचं.

“सांबार,” गोलू.

“वाटतंय खरं. आता अक्षराला विचारू. सांबार असता तर सुरुवातीला काय दिसलं असतं?”

“स.”

“दिसतोय?”

तो वाकला. नाक पानाला लागेल इतका. “नाही. हा कमळाचा... क्... को.”

“मग?”

बराच वेळ गेला. “मग चुकीचं छापलं यायनं.”

ताईंना वाटलं, पोरगं वाया गेलं. मला वाटलं, आज पेढे वाटावेत. चित्रावरून अंदाज, अक्षरावरून खातरजमा, आणि दोन्ही जुळेना म्हणून विचारात पडणं. वाचणारा माणूस आयुष्यभर हेच करतो. नुसत्या अंदाजावर सोडलेली मुलं दुसरी-तिसरीत अडतात, कारण पुस्तकांतली चित्रं कमी होतात आणि अंदाजाला धरायला काही उरत नाही. नुसत्या अक्षरांवर घासलेली मुलं उतारा घडाघडा वाचतात आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. दुसऱ्या प्रकारची मुलं माझ्याकडे पाचवीत येतात. त्यांच्याबद्दल शाळांची काहीच तक्रार नसते.

एका पुस्तकावर किती दिवस काढणार, असं गोलूच्या वडिलांनी एकदा फोनवर विचारलं. रास्त होतं. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’ 2015 पासून इंटरनेटवर आहे, तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, कमी-जास्त अवघड अशा पातळ्या लावलेल्या. त्यांनी एमआयडीसीच्या गेटसमोरच्या दुकानातून तीन पुस्तकांच्या रंगीत प्रती काढून आणल्या. बापानं आणलेली म्हणून त्यांचा मान वेगळा.

लिहिण्याचं काय, हा ताईंचा पुढचा धोशा. शाळेतून एकेक अक्षर पानभर गिरवायला यायचं आणि गोलू रडायचा. शाळेचा गृहपाठ मी बंद करू शकत नव्हते. पण तोवर पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्याच दिवशी सकाळी इतवारीकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. गोलूला बोलायला विषय पुरत नव्हता. मी दोन कोरे कागद मधोमध दुमडले, टाचले, आठ पानांचं पुस्तक झालं. म्हटलं, “आजीच्या टोपलीसारखं तुझं पुस्तक कर.”

आधी चित्रं. मग तो बोलला तसं ताईंनी दुसऱ्या कागदावर लिहून घेतलं, ‘लिहून राहिली’सकट, एक शब्दही शुद्ध न करता. हे त्यांना जड गेलं. आपलं बोलणं कागदावर दिसतं आणि उद्याही तेच राहतं, हे मुलाला दाखवायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. शेवटी त्यानं आपल्या हातानं एकेक शब्द चित्राखाली घातला. पहिल्या पानावर होतं, ‘वइल’.

ताईंचा हात लाल पेनाकडे गेला. मी तो धरला. ‘बैल’मधला ‘ऐ’ कान देऊन ऐका, अ आणि इ लागोपाठ. पोरानं ऐकलं तसं लिहिलं. कानाचं काम शंभर टक्के, फक्त त्या आवाजाला दोन मात्रांची खूण आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ‘ब’च्या जागी ‘व’ ही डोळ्यांची गोष्ट, पोटातली तिरकी रेघ राहिली. दोन चुका, दोन वेगळी कारणं, दोन वेगळे इलाज. लाल पेनाला त्या दोन्ही सारख्याच दिसतात. ‘पोळा’चं ‘पोला’ लिहिलं होतं, कारण शेजारची हिंदी बोलणारी मुलं तसं म्हणतात आणि तोही त्यांच्यात तसंच म्हणतो. आठ पानांतून आम्ही दुरुस्तीसाठी एकच शब्द निवडला, त्यालाच निवडू दिला. त्यानं निवडला ‘पिवळी’. तिथे वेलांट्यांचं भांडण होतं. ‘पि’ची वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, म्हणायची मात्र नंतर, आणि ‘ळी’ची नंतरच. त्यानं दोन्ही नंतरच काढल्या होत्या. आजोबा शेजारी बसून होते. त्यांनी बाराखडीचा एक तुकडा म्हटला, प पा पि पी, बोटानं हवेत वेलांट्या काढत, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. गोलू हसत सुटला आणि त्यांच्या मागोमाग ळ ळा ळि ळी म्हणू लागला. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला मान हलवावीच लागली.

पोळ्यानंतर तीन आठवड्यांनी शेवटची ठरलेली भेट झाली. जोडाक्षरं नसलेली छोटी वाक्यं गोलू बोट ठेवून वाचतो. हळू, मध्ये श्वास घेत. ‘ब’ आणि ‘व’ अजून अदलाबदल होतात, त्याबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही, या वयात होतात. जानेवारीची तारीख दिली आहे. शाळेतलं गिरवणं चालूच आहे, रडणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

निघताना त्यानं भाजीचं पुस्तक माझ्या हातात दिलं. मुळ्याच्या पानाला सेलोटेप. हिरव्या जुडीचं पान उघडून त्यानं मला आधी छापलेली ओळ वाचून दाखवली, को-थिं-बी-र, एकेक अक्षर, शेवटचा ‘र’ मांडीवर. मग खाली बोट नेलं. तिथे पेन्सिलीनं, ओळ सोडून वर चढत गेलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘साबार’. आणि छापलेल्या ‘आली’वर काट मारून ‘आला’.

“दुरुस्त केलं,” तो म्हणाला.